बेरोजगार भत्ता आणि कार्यालयीन हेलपाटे : भिलाईचे उदाहरण

मुंबई-हावडा लोहमार्गावर विदर्भाची सीमा ओलांडली की राजनांदगावनंतर दुर्ग आणि भिलाई ही जुळी शहरे लागतात. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून भिलाई पोलाद कारखान्याची उभारणी झाली आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात 'नोकरीचे शहर' म्हणून हे शहर आकारास आले. मात्र कारखान्यातील कायम कामगारांची संख्या पुढील दशकांत घटत गेली. बरेचसे काम ठेकेदारांमार्फत होऊ लागले आणि पहिल्या पिढीला कारखान्याच्या फाटकातून मिळालेली सुरक्षितता दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या वाट्याला आली नाही. काम नसताना शासनाकडून कोणते साहाय्य मिळते, ते कोठे मागावयाचे आणि ते मागताना इतके हेलपाटे का घालावे लागतात, हे प्रश्न म्हणूनच येथे पुस्तकी राहत नाहीत.

बेरोजगारीविषयक साहाय्याची चर्चा बहुधा रकमेपुरती मर्यादित राहते. रक्कम किती, लाभार्थी किती आणि तिजोरीवरील भार किती, एवढेच विचारले जाते. परंतु योजना आणि लाभार्थी यांच्यामध्ये एक कार्यालय, एक टेबल आणि एक कर्मचारी असतो. योजनेचे यशापयश बऱ्याच अंशी तेथेच ठरते. प्रशासनाच्या अभ्यासकांनी म्हणूनच हा टप्पा स्वतंत्र अभ्यासाचा विषय मानला आहे.

घटनात्मक चौकट

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ नुसार राज्याने आपली आर्थिक क्षमता व विकास यांच्या मर्यादेत कामाचा व शिक्षणाचा हक्क, तसेच बेकारी, वार्धक्य, आजार व विकलांगता अशा परिस्थितीत सार्वजनिक साहाय्याचा हक्क मिळवून देण्यासाठी प्रभावी तरतूद करावयाची आहे. हे राज्यनीतीचे मार्गदर्शक तत्त्व असल्याने अनुच्छेद ३७ प्रमाणे ते न्यायालयामार्फत थेट अंमलात आणता येत नाही. सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीच्या २३ व्या नोंदीत सामाजिक सुरक्षा, सामाजिक विमा, रोजगार व बेकारी हे विषय येतात. त्यामुळे केंद्र आणि राज्य या दोहोंना यासंबंधी कायदे करता येतात.

या चौकटीत बेरोजगारांना मिळणाऱ्या साहाय्याचे तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार विम्याचा. नोकरीत असताना वर्गणी भरलेल्या कामगाराला नोकरी गेल्यावर ठराविक काळ रक्कम मिळते. दुसरा प्रकार साहाय्याचा. येथे वर्गणीची अट नसते; गरज आणि पात्रता तपासून राज्य सरकार भत्ता देते. तिसरा प्रकार हमीचा. काम मागूनही ते न मिळाल्यास भत्ता देण्याचे बंधन शासनावर येते. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात दिवसाला किमान एक रुपया बेकारभत्त्याची तरतूद होती. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा, २००५ च्या कलम ७ नुसार मागणीनंतर १५ दिवसांत काम न दिल्यास पहिले ३० दिवस मजुरीदराच्या किमान एकचतुर्थांश आणि त्यापुढे किमान निम्मा भत्ता देय होता. डिसेंबर २०२५ मध्ये या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने मंजूर केला.

हे तीन प्रकार तीन वेगवेगळ्या यंत्रणांकडे सोपवलेले आहेत. विमा कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे, राज्याचा भत्ता रोजगार विभाग व स्थानिक संस्थांकडे, तर हमीचे काम ग्रामपंचायतींकडे. नोंदणी, मार्गदर्शन आणि भत्ता या तिन्ही गोष्टी एका छताखाली देणारे 'बेरोजगार भत्ता कार्यालय' भारतात नाही. अर्जदाराच्या अडचणींचे मूळ बऱ्याच अंशी या विभागणीत आहे.

सेवायोजन कार्यालयाची वाटचाल

मराठीत सेवायोजन कार्यालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यंत्रणेचा प्रारंभ जुलै १९४५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी झाला. फाळणीनंतर विस्थापितांसाठी आणि १९४८ पासून सर्व उमेदवारांसाठी ती खुली झाली. शिवराव समितीच्या शिफारशींनुसार १ नोव्हेंबर १९५६ पासून या कार्यालयांचे दैनंदिन प्रशासन राज्यांकडे आले. सेवायोजन कार्यालये (रिक्त पदांची सक्तीची अधिसूचना) अधिनियम, १९५९ हा १ मे १९६० पासून अंमलात आला. सार्वजनिक क्षेत्रातील आस्थापना आणि २५ वा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापना यांनी आपली रिक्त पदे कार्यालयास कळवावीत, असे बंधन त्यात होते. मात्र कार्यालयाने पाठवलेल्या उमेदवारांतूनच निवड करण्याचे बंधन या कायद्याने घातले नव्हते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ या कार्यालयाच्या यादीवर विसंबून न राहता जाहिरातीद्वारेही अर्ज मागवावेत, अशी भूमिका घेतली. स्पर्धा परीक्षा आणि खुल्या जाहिराती हाच नोकरभरतीचा मुख्य मार्ग ठरल्यावर नोकरी मिळवून देण्याचे या कार्यालयाचे काम क्षीण होत गेले आणि नोंदणी तेवढी उरली.

२० जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलने नोंदणीचे कामही संगणकावर आणले. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये १९५९ चा कायदा समाविष्ट करण्यात आला असून सेवायोजन कार्यालयाऐवजी 'करिअर सेंटर' ही संज्ञा वापरली आहे. चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्याची घोषणा केंद्र सरकारने केली.

या वाटचालीचा परिणाम असा की तरुण उमेदवार एरवी या कार्यालयाकडे फिरकत नाही. भत्ता जाहीर झाला की मात्र सर्वजण एकाच वेळी तेथे येतात. वर्षभर तुरळक वर्दळीच्या बेताने चालणारे कार्यालय काही आठवड्यांत हजारो अर्जदारांना सामोरे जाते आणि गर्दीच्या कामाची ना त्याला सवय असते, ना तेवढे मनुष्यबळ.

२०२३ ची छत्तीसगढची योजना

छत्तीसगढ राज्यात २६ जानेवारी २०२३ रोजी तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी बेरोजगार भत्त्याची घोषणा केली आणि १ एप्रिल २०२३ पासून दरमहा २,५०० रुपयांची योजना सुरू झाली. अर्जदार राज्याचा मूळ निवासी असावा, वय १८ ते ३५ असावे, किमान बारावी उत्तीर्ण असावा, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपेक्षा अधिक नसावे, स्वतःचे उत्पन्नाचे साधन नसावे आणि रोजगार कार्यालयातील नोंदणी किमान दोन वर्षे जुनी असावी, अशा अटी होत्या. एका कुटुंबातील एकाच व्यक्तीस लाभ मिळणार होता. भत्ता प्रथम एक वर्षासाठी, पुढे आणखी एक वर्ष वाढवता येण्याजोगा होता व त्याला कौशल्य प्रशिक्षणाची जोड होती. एप्रिल २०२३ अखेर पहिला हप्ता ६६ हजारांहून अधिक लाभार्थ्यांच्या बँक खात्यांत थेट जमा झाला. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यात सत्तांतर झाल्यानंतर ही योजना त्याच स्वरूपात पुढे चालली नाही. तरीही प्रशासकीय प्रक्रियेचा नमुना म्हणून ती अभ्यासण्याजोगी आहे.

अर्ज ऑनलाइन भरावयाचा होता. त्यानंतर नेमून दिलेल्या तारखेस, वेळेस व ठिकाणी मूळ कागदपत्रांसह पडताळणी पथकापुढे समक्ष हजर राहणे आवश्यक होते. ग्रामीण भागात ही जबाबदारी जनपद पंचायतीकडे, तर शहरी भागात नगरीय संस्थेकडे होती. दुर्ग-भिलाई परिसरात दुर्ग, भिलाई, रिसाली आणि भिलाई-चरोदा अशा चार महानगरपालिका आहेत. रोजगार कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे दुर्गला. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा. बँक आणखी निराळी. अर्ज जरी एका संकेतस्थळावर भरला, तरी त्याला जोडावयाचे पुरावे चार ठिकाणांहून गोळा करावे लागत होते.

अटींचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या उमेदवाराने १ जून २०२१ रोजी नोंदणी केली. १ एप्रिल २०२३ रोजी त्याची नोंदणी २२ महिन्यांची होते. म्हणजे बाकी सर्व अटी पूर्ण असूनही तो अपात्र ठरतो. ज्याने अनेक वर्षांपूर्वी नोंदणी केली पण मुदतीत नूतनीकरण केले नाही, त्याचीही तीच गत. निवासाच्या अटीची अडचण भिलाईत विशेष जाणवते. देशाच्या सर्व प्रांतांतून आलेल्या कुटुंबांचे हे शहर आहे; त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. ज्यांच्या आईवडिलांच्या शाळेचे व जमिनीचे कागद दुसऱ्या राज्यात आहेत, त्यांना आपण येथलेच आहोत हे कागदोपत्री सिद्ध करणे स्थानिक शेतकरी कुटुंबापेक्षा कठीण जाते. याहून अवघड गोष्ट म्हणजे 'नसण्याचा' पुरावा. नोकरी आहे हे दाखवणारा कागद असतो; नोकरी नाही हे दाखवणारा कागद कोणाकडेच नसतो. त्याची जागा मग स्वयंघोषणापत्र आणि पडताळणी अधिकाऱ्याचे समाधान यांनी भरून निघते.

नेमलेली वेळ आणि प्रत्यक्ष प्रतीक्षा

पडताळणीसाठी वेळ नेमून दिली की गर्दी टळते, असा समज असतो. तो का खरा ठरत नाही हे साध्या गणिताने दाखवता येते. समजा, एका केंद्रावर दोन टेबले आहेत आणि एका अर्जदाराची कागदपत्रे तपासण्यास १० मिनिटे लागतात. तासाला १२ अर्जदारांचे काम होईल. सर्व १०० जणांना सकाळी दहाची वेळ दिली, तर शेवटच्या अर्जदाराचे काम संपण्यास आठ तासांहून अधिक वेळ लागेल, म्हणजे कार्यालयीन वेळेत ते होणारच नाही. सरासरी प्रतीक्षा चार तासांच्या घरात जाईल. याच १०० जणांना दर तासाला १२ याप्रमाणे बोलावून उरलेल्यांना दुसऱ्या दिवसाची तारीख दिली, तर तेवढ्याच कर्मचाऱ्यांत, तेवढ्याच टेबलांवर सरासरी प्रतीक्षा अर्ध्या तासावर येते. येथे मनुष्यबळ वाढलेले नाही; केवळ वेळेची वाटणी बदलली आहे. सर्वांना एकच वेळ देणारी व्यवस्था वेळ नेमून देत नाही, ती फक्त दिवस नेमून देते.

रोजंदारीवर तात्पुरते काम करून उदरनिर्वाह करणाऱ्याला कार्यालयात गेलेला दिवस फुकट पडतो. एखादा कागद कमी पडला म्हणून दुसऱ्यांदा यावे लागले, तर दोन दिवसांची मजुरी बुडते. दरमहा २,५०० रुपयांच्या भत्त्यासाठी तीन-चार खेपा झाल्या, तर पहिल्या महिन्याच्या लाभाचा बराचसा भाग मिळण्यापूर्वीच खर्च झालेला असतो. प्रशासनशास्त्रात यास 'प्रशासकीय भार' म्हणतात. पामेला हर्ड आणि डोनाल्ड मॉयनिहान या अभ्यासकांनी २०१८ मध्ये त्याचे तीन घटक मांडले : नियम समजून घेण्याचा भार, त्यांची पूर्तता करण्याचा भार आणि मानसिक भार. यांतील तिसरा घटक आकडेवारीत दिसत नाही. रिकामटेकडा म्हणून पाहिले जाण्याची, सर्वांदेखत उत्पन्न विचारले जाण्याची नामुष्की टाळण्यासाठी पात्र व्यक्तीही अर्ज अर्धवट सोडून देते.

ठेकेदारी कामगार आणि विम्याचा मार्ग

भिलाईतील ठेकेदारी कामगारांच्या असुरक्षिततेला मोठा इतिहास आहे. त्यांच्या हक्कांसाठी लढणारे छत्तीसगढ मुक्ती मोर्चाचे नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाउस रेल्वे स्थानकावर रूळ अडवून बसलेल्या आंदोलकांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात १६ जणांचा बळी गेला. कामावरून काढलेल्यांना परत घ्यावे, ही त्या आंदोलनाची एक प्रमुख मागणी होती. नोकरी गेलेल्या अशा कामगारासाठी त्या काळी बेरोजगारी विम्याची कोणतीही तरतूद नव्हती.

कर्मचारी राज्य विमा महामंडळाने १ एप्रिल २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना सुरू केली. कारखाना बंद पडणे, कामगार कपात किंवा नोकरीबाह्य कारणाने आलेले कायमचे अपंगत्व यांमुळे काम गमावलेल्या विमाधारकांसाठी ती होती. १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. तिच्यात आरंभी सरासरी दैनिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम आयुष्यात एकदा, कमाल ९० दिवसांसाठी मिळत असे. कोविड साथीच्या काळात, २०२० मध्ये हे प्रमाण ५० टक्के करण्यात आले. दिवसाला सरासरी ५०० रुपये मिळवणाऱ्या कामगाराला ९० दिवसांचे २२,५०० रुपये मिळू शकतात, असा याचा हिशेब आहे.

२०२० चे बदल कार्यपद्धतीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे ठरले. पूर्वी नोकरी गेल्यानंतर ९० दिवसांनी दावा करता येई. तो कालावधी ३० दिवसांवर आला. पूर्वी दावा शेवटच्या मालकामार्फत पाठवावा लागे. आता कामगाराला तो थेट शाखा कार्यालयात दाखल करण्याची मुभा मिळाली. प्रतिज्ञापत्राची अटही त्याच वर्षी शिथिल झाली. ज्याने कामावरून काढले त्याच्याच सहीसाठी कामगाराला परत त्याच्या दारी पाठवणारी अट रद्द होणे, ही रक्कम दुप्पट होण्याइतकीच मोठी सुधारणा होती.

तरीही एक अडचण उरते. या योजनेसाठी किमान दोन वर्षांची विमापात्र नोकरी आणि लगतच्या वर्गणी कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी आवश्यक आहे. सहा महिन्यांच्या वर्गणी कालावधीत आठवड्याला सहा याप्रमाणे सुमारे १५६ कामाचे दिवस येतात. ७८ ही त्यांची निम्मी संख्या होय. ठेका बदलला की तोच कामगार, त्याच ठिकाणी, तेच काम करीत असला तरी कागदोपत्री त्याचा मालक बदलतो. जुन्या ठेकेदाराने वर्गणी भरण्यात कसूर केली, किंवा 'कामावरून कमी केले' याऐवजी 'स्वतः काम सोडले' अशी नोंद केली, तर दावा अडतो. चूक दुसऱ्याची असते. ती निस्तरण्यासाठी फिरावे लागते ते कामगाराला.

टेबलापलीकडची बाजू

अर्जदाराचा रोष बहुधा समोरच्या कर्मचाऱ्यावर निघतो. अमेरिकी अभ्यासक मायकेल लिप्स्की यांनी १९८० मध्ये अशा कर्मचाऱ्यांच्या स्थितीचे विवेचन केले. नागरिकांशी थेट संबंध येणाऱ्या कनिष्ठ कर्मचाऱ्याकडे काम अमर्याद आणि साधने मर्यादित असतात. मग तो आपल्या सोयीचे मार्ग शोधतो. कागद अपुरा असल्याचे सांगून अर्जदाराला परत पाठवणे हा त्यांतील सर्वांत सोपा मार्ग. शिवाय अपात्र व्यक्तीला लाभ दिला गेला, तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो व वसुलीची भीती असते. पात्र व्यक्तीला नाकारले गेले, तर त्याची नोंद कोणत्याही तपासणीत होत नाही. धोरणशास्त्रात पहिल्या चुकीस समावेशनाची आणि दुसरीस वगळणुकीची चूक म्हणतात. शिक्षा एकाच चुकीला असेल, तर कर्मचारी दुसरी चूक करणार, हे ओघानेच आले. त्याच्या उद्धटपणाचे समर्थन होऊ शकत नाही. पण केवळ सौजन्याच्या प्रशिक्षणाने ही स्थिती बदलणार नाही, हेही तितकेच खरे आहे.

अन्य देशांतील अनुभव या संदर्भात बोलका आहे. ब्रिटनमध्ये १९०९ च्या कायद्याने रोजगार कार्यालये स्थापन झाली व १९११ मध्ये बेकारी विमा आला. जर्मनीने १९२७ मध्ये नोकरी मिळवून देणे आणि बेकारी विमा हे दोन्ही विषय एका कायद्यात आणले. काम शोधून देणारी आणि काम नसताना भत्ता देणारी यंत्रणा एकच असल्यास अर्जदाराची माहिती एकदाच घ्यावी लागते. तेथेही प्रतीक्षा आणि तक्रारी आहेतच. पण एका कार्यालयाचा पुरावा दुसऱ्याकडे वाहून नेण्याचे काम अर्जदारावर पडत नाही.

सुधारणेच्या दिशा

दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००९ मधील आपल्या बाराव्या अहवालात नागरिककेंद्री प्रशासनाचा विचार मांडला. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये लोकसेवा हमीचा कायदा केला. छत्तीसगढचा कायदा २०११ चा, तर महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत देणे, न दिल्यास अपील आणि जबाबदार अधिकाऱ्यास दंड, हे या कायद्यांचे सूत्र आहे. भत्त्याची योजना जाहीर करतानाच तिची पडताळणी अशा सेवांच्या यादीत घातली, तर मुदतीचे बंधन अर्जदाराप्रमाणे कार्यालयावरही येईल.

याखेरीज काही उपाय खर्चाविना शक्य आहेत. अर्जदारांना तासवार बोलावणे, कोणता कागद कमी आहे ते एकाच वेळी लेखी कळवणे, शासनाकडे आधीच असलेली माहिती पुन्हा न मागणे, नाकारलेल्या अर्जांचीही नमुना तपासणी करणे आणि ठेकेदाराच्या चुकीचा भार कामगारावर न टाकणे, हे त्यांपैकी होत. संगणकीकरणाने यांतील काही गोष्टी सोप्या होतात. परंतु अर्ज ऑनलाइन आणि पडताळणी समक्ष अशी जोड राहिली, तर रांग नाहीशी होत नाही, केवळ पुढच्या दारी सरकते.

अनुच्छेद ४१ मध्ये 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' असे शब्द आहेत. भत्त्याची रक्कम किती असावी, हे त्या मर्यादेत ठरते आणि राज्यागणिक ते बदलणार. पण नेमलेल्या वेळी अर्जदाराला भेटणे, त्याला एकदाच आणि नीट सांगणे, नकाराचे कारण लिहून देणे, यांना आर्थिक क्षमतेची मर्यादा लागू होत नाही. भिलाईतील ठेका संपलेल्या कामगाराला किंवा बारावी होऊन नोंदणीचा कागद जपणाऱ्या तरुणाला शासनाची ओळख योजनेच्या जाहिरातीतून होत नाही. ती त्या खिडकीपाशी होते.